दोन मतांचा मतदारसंघ

२०२० च्या डिसेंबरात कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मी शाळेत होतो. राज्यात इतरत्र कागदी मतपत्रिकेवर मतदान झाले. आमच्या बिदर जिल्ह्यात मात्र यंत्रे आली होती. त्यामुळे मेहकरात मतदानापेक्षा यंत्राचीच चर्चा जास्त. (मेहकर म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकांना बुलढाण्याचे मेहकर आठवते. आमचे ते नव्हे. आमचे भालकी तालुक्यातले.) आई मत देऊन घरी आली आणि चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आपल्या वॉर्डात जागा एकापेक्षा जास्त, म्हणून मतं बी तेवढीच द्यायची म्हणं. मला तर एकच माणूस पसंत होता. त्यालाच सगळी मतं दिली असती तर काय बिघडलं असतं?"

याचे उत्तर घरात कोणालाच देता आले नाही. ओसरीवर बसलेले आजोबा तेवढे म्हणाले, "हे काय नवं नाही. माझ्या बापानं दिल्लीच्या निवडणुकीला बी दोन मतं दिलती."

मला ते खरे वाटले नाही. लोकसभेला एका माणसाचे एकच मत, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पाठ केले होते. पुढे वाणिज्य शाखेत आल्यावर एकदा ग्रंथालयात जुन्या निवडणुकांच्या निकालांचे पुस्तक हाती लागले. सहज चाळताना दिसले की आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. राज्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण आकड्यांची गोडी आहे, आणि हे प्रकरण बरेचसे आकड्यांचेच आहे. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे. प्राध्यापक मंडळींनी चूक आढळल्यास समज द्यावी.

आज लोकसभेचा प्रत्येक मतदारसंघ एका सदस्याचा असतो. पहिल्या दोन निवडणुकांत तसे नव्हते. १९५१-५२ साली देशात ४०१ मतदारसंघ होते आणि जागा मात्र ४८९. म्हणजे ३१४ मतदारसंघांतून एकेक, ८६ मतदारसंघांतून दोन-दोन आणि बंगालमधल्या एका मतदारसंघातून तीन सदस्य निवडून द्यायचे होते. १९५७ साली दोन सदस्यांचे मतदारसंघ ९१ झाले. अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा द्यायच्या, पण त्यासाठी एखादा भाग सबंधच्या सबंध राखीव करायचा नाही, ही त्यामागची कल्पना. मतदारसंघ दुप्पट मोठा करायचा. त्यातली एक जागा राखीव, दुसरी सर्वांसाठी खुली. मतदार तेच, आणि प्रत्येकाला मते दोन.

ही दोन मतांची पद्धत आपण शोधून काढलेली नव्हे. इंग्लंडात ती शतकानुशतके होती. तिथे राखीव जागा वगैरे काही नव्हते. गावाने दोन प्रतिनिधी पाठवायचे एवढीच जुनी चाल. लँकाशायरमधले ओल्डहॅम हे कापड गिरण्यांचे गाव अशा मतदारसंघांपैकी एक. १९०० साली विन्स्टन चर्चिल पहिल्यांदा पार्लमेंटात गेले ते इथूनच. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराहून त्यांना सोळा मते कमी होती, तरी ते निवडून आले, कारण दुसऱ्या क्रमांकालाही जागा होती. १९५० च्या निवडणुकीपासून इंग्लंडने असे सगळे मतदारसंघ मोडीत काढले. गंमत अशी की ज्या सुमारास त्यांनी ही पद्धत टाकून दिली, त्याच सुमारास आपण ती उचलली.

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. दोन्ही मते एकालाच द्यावीत काय? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात याचे उत्तर स्पष्ट होते. जितक्या जागा तितकी मते, पण एका उमेदवाराला एका मतदाराचे एकच मत. कोणी दोन्ही मते एकालाच दिली तर त्यातले एक मोजायचे आणि दुसरे बाद करायचे.

त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जाऊन पसंतीच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. या लोखंडी पेट्या मुंबईच्या गोदरेजने आणि आपल्या हैदराबादच्या ऑल्विन कारखान्यानेही तयार केल्या होत्या. दोन सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन चिठ्ठ्या येत, त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. ज्या देशात बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती, तिथे हा नियम किती जणांच्या ध्यानात आला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

मोजणीचा नियम त्याहून वेगळा होता. सर्वांत जास्त मते मिळवणारे पहिले दोघे निवडून आले, असे नव्हते. आधी राखीव जागा भरायची. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून आला. मग उरलेली जागा उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते त्याला. कन्नडमध्ये राखीव जागेला 'मीसलु' म्हणतात. देवासाठी आधी बाजूला काढून ठेवतात ते मीसलु. घरच्यांची पाने नंतर. मोजणीचा हा नियम ध्यानात ठेवण्यास मला मराठी 'राखीव' शब्दापेक्षा हा कन्नड शब्दच अधिक सोयीचा वाटतो.

या दोन नियमांनी काय घडवले ते पाहायचे तर मुंबईला जावे लागेल. पहिल्या लोकसभेच्या वेळी तिथे 'मुंबई शहर उत्तर' नावाचा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. त्या रूपात तो आज नाही. १९५२ च्या जानेवारीत तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. ते कसे झाले हे फारसे कोणी सांगत नाही. प्रमुख पाच उमेदवारांचे आकडे असे: काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१, काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. आंबेडकर १,२३,५७६; कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५.

हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि पहिल्यांदा गोंधळलो. दुसऱ्या क्रमांकावर अशोक मेहता आहेत. काजरोळकर त्यांच्या १,६०४ मते मागे. मग लोकसभेत काजरोळकर कसे गेले? उत्तर मीसलुचे. राखीव जागेसाठी शर्यत होती ती काजरोळकर आणि आंबेडकर यांच्यात, आणि तिथे काजरोळकर १४,५६१ मतांनी पुढे होते. ती जागा भरल्यावर खुली जागा गांधींना गेली आणि मेहता दुसरे असूनही घरी बसले. म्हणजे एकाच मतदारसंघात, एकाच दिवशी, दोन वेगळ्या शर्यती झाल्या. मतदार मात्र दोन्हींत तेच.

फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. तेव्हा हिशेब असा अपेक्षित होता की फेडरेशनच्या मतदाराने एक मत आंबेडकरांना आणि दुसरे मेहतांना द्यावे. समाजवाद्यांच्या मतदाराने एक मेहतांना आणि दुसरे आंबेडकरांना. युती तंतोतंत पाळली गेली असती तर दोघांची मते जवळपास सारखी यायला हवी होती. ती १६,१६५ ने वेगळी आहेत. हा फरक कुठे गेला? दुसऱ्या कोणा उमेदवाराच्या पेटीत गेला, की दुसरी चिठ्ठी वापरलीच गेली नाही, की दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत पडल्या? बेरीज-वजाबाकीने ते कळत नाही. पण आंबेडकर आणि मेहता या दोघांनी निवडणुकीविरुद्ध जो अर्ज केला, त्यात ७४,३३३ मते वाया गेल्याचा मुद्दा मांडला होता. काजरोळकरांची आघाडी १४,५६१ ची. वाया गेलेली मते तिच्या पाचपट. दुसरे मत वाया घालवा, असा प्रचार विरोधकांनी केला, ही तक्रारही त्यात होती. निकाल काही बदलला नाही.

इथे वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून एक खुलासा करावासा वाटतो. हे ७४,३३३ आंबेडकरांच्या खात्यातून वजा झाले, असे पुष्कळ जण समजतात. तसे म्हणता येत नाही. ज्याने दोन्ही चिठ्ठ्या आंबेडकरांच्या पेटीत टाकल्या, त्याचे एक मत आंबेडकरांना मिळालेच. बाद झाले ते दुसरे. तो तोटा नव्हे, न झालेली विक्री आहे. न झालेल्या विक्रीची नोंद कोणत्याही खात्यात सापडत नाही, पण दुकान बुडवण्याची ताकद तिच्यात असते. ज्याने आंबेडकरांना मुळीच मत न देता आपले दुसरे मत वाया घालवले, त्याचे नुकसान आंबेडकरांना झाले असेलही आणि नसेलही. तेव्हा त्या आकड्यावरून 'अन्यथा ते जिंकलेच असते' असे छातीठोकपणे म्हणण्यास माझे मन धजत नाही. पण दुसरा एक हिशेब मांडता येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते. १९३२ च्या पुणे करारानंतर दलितांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले नाहीत, संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मिळाल्या. त्यानुसार १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. त्या वेळी मुंबई इलाख्यात एकापेक्षा जास्त जागांचे मतदारसंघ होतेच, पण नियम उलटा होता. मतदाराने आपली सगळी मते एकाच उमेदवाराला दिली तरी ती सगळी मोजली जात. इंग्लंडात १८७० पासून शाळा मंडळांच्या निवडणुकांत ही रीत होती. लहान पंथांनाही आपला माणूस निवडून आणता यावा म्हणून. आईला जे हवे होते ते हेच. या नियमाने आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष इलाख्यात चांगल्यापैकी जागा मिळवू शकला. स्वतः आंबेडकर भायखळा-परळ भागातून निवडून आले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना. हिंदुस्थानच्या क्रिकेटमधला पहिला मोठा गोलंदाज, तोही दलित. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली.

आता तुलना करा. मतदारसंघात शंभर मतदार आहेत, त्यांपैकी वीस दलित. प्रत्येकाला दोन मते. १९३७ च्या नियमाने हे वीस जण आपल्या माणसाला चाळीस मते देऊ शकतात. बाकीच्या ऐंशींनी आपली एकशेसाठ मते चार-पाच उमेदवारांत वाटली तर त्या चाळीस मतांना चांगलीच किंमत येते. १९५२ च्या नियमाने वीसांची मते वीसच, आणि दुसरे मत त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिले पाहिजे, नाहीतर वाया घालवले पाहिजे. उलट ऐंशी जणांकडे प्रत्येकी एक जादा मत असते, ते राखीव जागेवर कोण बसावे हे ठरवायला मोकळे. म्हणजे राखीव जागेवर दलितच बसेल एवढी हमी कायदा देतो. कोणता दलित बसेल हे ठरवण्याची किल्ली मात्र ऐंशींच्या हाती.

आणि याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. हा १९५१ चा कायदा संसदेत मंजूर झाला तेव्हा देशाचे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकरच. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि चार महिन्यांनी त्या कायद्याच्या मोजणीला उमेदवार म्हणून सामोरे गेले.

पुढे १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तोही दोन सदस्यांचा मतदारसंघ. पुन्हा आंबेडकर आणि अशोक मेहता एकत्र. या खेपेस मेहता खुल्या जागेवर निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ८,३८१ मतांनी हरले. दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा आकडा वाढणार नाही, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, अशी एक आठवण सांगितली जाते. त्यानंतर ते लोकसभेला उभे राहिले नाहीत. १९५६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनीच दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. आता मुंबईत दोन सदस्यांचा मतदारसंघ होता 'मुंबई शहर मध्य'. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळी गणिते उलटीपालटी करून टाकली होती. तिथून समितीची जोडी निवडून आली: खुल्या जागेवर श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी आंबेडकर आणि डांगे एकमेकांविरुद्ध उभे होते. आता डांग्यांच्या आणि फेडरेशनच्या पेट्यांत त्याच मतदारांच्या चिठ्ठ्या जोडीने पडल्या. नियम तोच होता. दुसऱ्या मताचे काय करायचे हे या वेळी सर्वांनी मिळून ठरवले होते, एवढाच फरक.

मग ही पद्धत बंद का पडली? दलितांवर अन्याय होतो म्हणून बंद पडली असे कोणाला वाटेल तर ते चूक आहे. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम् येथे व्ही. व्ही. गिरी उभे होते. हेच पुढे राष्ट्रपती झाले. तिथली एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. मतमोजणीत पहिल्या दोन्ही क्रमांकांवर जमातीचेच उमेदवार आले. पहिल्याला राखीव जागा मिळाली आणि उरलेल्यांत ज्याला सर्वाधिक मते तो डी. सुरी डोरा हाही जमातीचाच. गिरी ५६५ मतांनी मागे पडले. राखीव जागेसाठी अर्ज भरणाऱ्याने खुली जागा घ्यावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५९ साली न्यायालयाने ती निवड ग्राह्य धरली. कायद्याप्रमाणे ते बरोबरच होते. खुली म्हणजे सर्वांना खुली. पण दोन्ही जागा त्यांनाच गेल्या, याची चर्चा देशभर झाली आणि १९६१ साली संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. मुंबईत आंबेडकर हरले तेव्हा जी पद्धत कोणाला बदलावीशी वाटली नाही, ती गिरी हरल्यावर चार वर्षांत बदलली. मतदारसंघ फार मोठे होतात, प्रचार परवडत नाही, ही कारणेही होती आणि ती खरी होती. तरीही कालक्रम जो आहे तो आहे.

आता आपल्या भागाकडे येतो. १९५२ साली बिदर हैदराबाद राज्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. बिदरचे पहिले खासदार डॉ. शौकतुल्ला शाह अन्सारी, मूळचे उत्तर प्रदेशातले. गुलबर्ग्याचे स्वामी रामानंद तीर्थ. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, ते तीन तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या बिदरचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात आला. १९५७ च्या यादीत बिदर हे नावच नाही. आहे तो फक्त गुलबर्गा, दोन सदस्यांचा. खुल्या जागेवर महादेवप्पा रामपुरे आणि राखीव जागेवर शंकर देव, दोघेही काँग्रेसचे. आमच्या पणजोबांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या त्या याच निवडणुकीत.

१९६२ साली या जोडमतदारसंघाची वाटणी झाली. खुली जागा गुलबर्ग्याच्या वाट्याला आली आणि राखीव जागा बिदरच्या. भावाभावांत शेत वाटावे तसे झाले. बिदरमधून रामचंद्र वीरप्पा निवडून आले, १९६७ लाही तेच. नंतर १९७१ व १९७७ ला शंकर देव, आणि १९८० पासून तीन वेळा नरसिंगराव सूर्यवंशी. १९९१ ला रामचंद्र वीरप्पा भारतीय जनता पक्षाकडून परत आले ते २००४ पर्यंत. त्या वर्षी वयाच्या नव्वदीच्या पुढे ते निवडून आले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. २००९ पासून पुन्हा फिरवाफिरव झाली. बिदर खुले झाले आणि राखीव जागा गुलबर्ग्याकडे गेली. त्या वर्षी बिदरमधून धरमसिंग आणि गुलबर्ग्यातून मल्लिकार्जुन खर्गे लोकसभेत गेले.

वसतिगृहात मी हे सगळे सांगितले तेव्हा माझ्या खोलीतला मित्र, जो दलित कुटुंबातला आहे, म्हणाला की दोन सदस्यांची पद्धत गेली हे एका अर्थी वाईटच झाले. त्या पद्धतीत निदान प्रत्येक मतदाराला, तो कोणत्याही जातीचा असो, एक दलित आणि एक दुसरा असे दोघांचाही विचार करावा लागे. आता राखीव मतदारसंघ म्हणजे 'त्यांचा' आणि खुला म्हणजे 'आपला', असे लोक बोलतात. मी म्हणालो, पण राखीव जागेवरचा माणूस इतरांच्याच मतांनी ठरतो ही आंबेडकरांची तक्रार दोन्ही पद्धतींत तशीच उरते. तो म्हणाला, होय, ती उरतेच. रात्री उशिरापर्यंत आम्ही बोलत होतो. मला वाटते, १९३७ चा मते एकवटू देणारा नियम १९५१ ला कायम ठेवायला हवा होता. तो ठेवला असता तर पुढे काय झाले असते ते मी सांगू शकत नाही, पण मत वाया जाण्याचा प्रश्न तरी उद्भवला नसता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांना गुलबर्ग्याचा तो निकाल दाखवला. १९५७ साली ते आठ वर्षांचे होते आणि वडिलांचे बोट धरून मतदानाच्या जागी गेले होते. त्यांना आठवते ते एवढेच की एका पेटीवर बैलजोडी होती आणि दुसऱ्या पेटीवरही बैलजोडीच, पण तिच्याभोवती गोल काढलेला. गोलातली कोणाची आणि बिनगोलाची कोणाची, हे गावात सर्वांना ठाऊक होते, असे ते म्हणाले.

"मग पणजोबांनी कुठं टाकल्या दोन्ही चिठ्ठ्या?" मी विचारले.

"एक एकात, एक दुसऱ्यात म्हणून सांगायचा." मग थोडे थांबून म्हणाले, "आडोशाला काय केलं ते कुणाला माहीत? मी बाहेर होतो."